जिभेचे सुकाणू: ख्रिस्ती जीवनात उच्चारलेल्या शब्दाचे स्थान

हिब्रू भाषेत 'दाबार' हा एकच शब्द दोन अर्थांनी येतो: तोंडातून निघालेला बोल हा त्याचा एक अर्थ, आणि घडलेली गोष्ट किंवा प्रत्यक्ष वस्तू हा दुसरा. मराठीत 'बोलेल तो करेल काय' असे म्हणून बोलणे आणि करणे यांना परस्परांपासून दूर उभे करण्याची रीत आहे, तर जुन्या कराराच्या भाषेत हे अंतर शब्दाच्या पोटातच मिटलेले आहे, आणि बायबलमधील वाणीविषयक सगळा विचार या एका शब्दाच्या आधाराने समजून घेता येतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव हाताने काही घडवण्याआधी बोलतो आणि बोललेले अस्तित्वात येते. जग दहा वचनांनी निर्माण झाले, असे यहुदी आचार्यांनी 'मिश्ना' या धर्मग्रंथात पुढे मोजून ठेवले. सीनाय पर्वतावर मोशेला मिळालेल्या ज्या नियमांना आपण 'दहा आज्ञा' म्हणतो, त्यांनाही मूळ हिब्रूत 'दहा शब्द' असेच नाव आहे. निर्मिती आणि नीती या दोन्ही गोष्टी अशा रीतीने उच्चारातून आलेल्या मानल्या गेल्या, आणि योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी ख्रिस्तालाच 'शब्द' म्हटले तेव्हा ग्रीक 'लोगोस' या संज्ञेच्या मागे ही हिब्रू पार्श्वभूमीही उभी होती.

मनुष्याचा शब्द अर्थातच देवाच्या शब्दासारखा शून्यातून काही उभे करत नाही, तरीही तो पोकळ आहे असे बायबल कोठेही मानत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू सांगतो की माणसांना आपल्या प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल. तेथे 'व्यर्थ' या अर्थी आलेले ग्रीक विशेषण 'आर्गोस' असे असून त्याचा शब्दशः अर्थ 'काम न करणारा' असा होतो. बाजारात दिवसभर रिकामे उभे असलेल्या मजुरांसाठीही हेच विशेषण त्याच शुभवर्तमानात पुढे वापरलेले आहे. शब्दाने काम केले पाहिजे आणि बिनकामाचा शब्द हा निरुपद्रवी नसून कामचुकार असतो, ही त्यामागची धारणा आहे.

मराठी वाचकाला येथे 'वाचासिद्धी'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. तपाने किंवा सत्यवचनाच्या दीर्घ आचरणाने एखाद्याच्या वाणीत असे बळ येते की त्याचा शाप आणि वर दोन्ही खरे ठरतात, ही कल्पना पुराणांतून घरोघरी पोहोचलेली आहे. उत्पत्तीच्या 27 व्या अध्यायातील इसहाकाची कथा वरवर पाहता याच जातीची वाटते: आंधळा झालेला म्हातारा बाप धाकट्या याकोबाला थोरला एसाव समजून आशीर्वाद देतो, फसवणूक उघड होते, एसाव आक्रोश करतो, तरीही दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही. परंतु इसहाकाच्या ठायी कोणतीही सिद्धी नाही, किंबहुना तो दृष्टीने अधू, सहज फसणारा आणि आवडत्या खाद्यपदार्थाच्या मोहात असलेला मनुष्य आहे. आशीर्वादाचे बळ बोलणाऱ्याच्या संचित पुण्यातून आलेले नसून ज्याच्या नावाने तो दिला त्या देवाच्या निष्ठेतून आलेले आहे, म्हणून तो बोलणाऱ्याच्या हातात उरत नाही. हा भेद लहान वाटला तरी ख्रिस्ती परंपरेत वाणीच्या सामर्थ्याचा जो काही अर्थ लागतो तो याच भेदावर उभा आहे.

गणना या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात अहरोनाने लोकांवर उच्चारावयाचा त्रिपदी आशीर्वाद दिलेला आहे. 1979 साली यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम येथील थडग्यांच्या उत्खननात चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या आणि त्या काळजीपूर्वक उलगडल्यावर त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले आढळले. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या अखेरीच्या किंवा सहाव्या शतकाच्या आरंभीच्या मानल्या जाणाऱ्या या गुंडाळ्या मृत समुद्राजवळच्या प्रसिद्ध हस्तलिखितांहून काही शतके जुन्या आहेत, म्हणजे बायबलमधील मजकुराचा आज उपलब्ध असलेला सर्वांत प्राचीन पुरावा हा आशीर्वचनाचा आहे. कोणी तरी तो अंगावर बाळगला आणि मृत्यूनंतरही तो त्याच्याबरोबर राहिला. उपासना संपताना पाळक हात वर करून आशीर्वचन उच्चारतात आणि मंडळी मान लववून 'आमेन' म्हणते, तेव्हा अडीच हजार वर्षांहून जुना असा एक उच्चार पुन्हा एका समूहावर ठेवला जात असतो. 'आमेन' हाही हिब्रू शब्द असून 'हे पक्के आहे' असा त्याचा भाव आहे. ऐकणाऱ्याने तो उच्चारला की दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेवर त्याचीही सही होते.

ख्रिस्ती मनुष्याची ओळखच एका उच्चारातून सुरू होते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात अंतःकरणातील विश्वास आणि मुखाने दिलेली कबुली यांची सांगड घातलेली आहे, आणि विश्वास ऐकण्याने उत्पन्न होतो असेही तेथेच म्हटले आहे. कबुलीसाठी तेथे 'होमोलोगेइन' हे ग्रीक क्रियापद आले असून त्याची फोड 'तेच बोलणे', 'समान बोलणे' अशी होते. कबुली देणारा काही नवे रचून सांगत नाही, तर आधी कोणी तरी बोललेले आपल्या तोंडाने पुन्हा म्हणून त्यात सामील होतो. येशू हाच प्रभू आहे, एवढीच ही सर्वांत जुनी कबुली होती. परंतु रोमन साम्राज्यात 'प्रभू' ही पदवी सम्राटालाही लावली जात असल्यामुळे हे दोन-तीन शब्द प्राणघातक ठरू शकत. स्मुर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर, येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प याला दुसऱ्या शतकाच्या मध्यास पकडून नेत असताना अधिकाऱ्यांनी त्याला समजावले की सीझर प्रभू आहे असे म्हणून टाकण्यात काय बिघडते. त्याने ते म्हणण्यास नकार दिला आणि तो मारला गेला. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने तो केवळ ओठांचा प्रश्न होता.

त्याच्या काही दशके आधी, सुमारे 112 साली, बिथिनिया प्रांताचा रोमन शासक प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात या नव्या पंथाच्या चौकशीची हकिगत कळवली आहे. 'तू ख्रिस्ती आहेस काय' असा प्रश्न तो आरोपीला तीन वेळा विचारत असे आणि तिन्ही वेळा होकार आला तर शिक्षा देत असे. उलट जो देवतांचे आवाहन उच्चारून ख्रिस्ताची निंदा करी त्याला सोडून देत असे. एका माणसाचे जगणे-मरणे येथे सर्वस्वी त्याच्या तोंडच्या शब्दावर अवलंबून ठेवलेले दिसते. त्याच पत्रात अधिक लक्षणीय असा दुसरा तपशील आहे: हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमत, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणत, आणि शपथ घेऊन स्वतःला बांधून घेत, ही शपथ कोणत्याही कटाची नसून चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, विश्वासाने ठेवलेली ठेव नाकारणार नाही, अशी होती. बाहेरच्या, आणि तेही प्रतिकूल, निरीक्षकाने टिपलेल्या ख्रिस्ती उपासनेच्या या अत्यंत जुन्या वर्णनात एकत्र गायलेला शब्द आणि पाळण्यासाठी दिलेला शब्द शेजारी शेजारी येतात, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

पुढील शतकांत ही कबुली 'मतांगीकार' म्हणून स्थिर झाली. मतांगीकार म्हणजे विश्वासाच्या मुख्य गोष्टींचे थोडक्यात केलेले आणि सर्वांनी एकत्र म्हणावयाचे निवेदन. चौथ्या शतकात बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना तो लिहून दिला जात नसे. तो त्यांना तोंडी सांगितला जाई, त्यांनी तो पाठ करावा आणि ठरलेल्या दिवशी मंडळीसमोर परत म्हणून दाखवावा अशी पद्धत होती, आणि या दोन प्रसंगांना 'सोपवणे' व 'परत देणे' अशा अर्थाची लॅटिन नावे होती. ऑगस्टीनने आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनाच्या आठव्या भागात रोममधील विख्यात वक्ता व्हिक्टोरिनस याची हकिगत सांगितली आहे. फोरममध्ये ज्याचा पुतळा उभारला गेला होता असा हा विद्वान पवित्र शास्त्र वाचून मनाने ख्रिस्ती झाला होता आणि आपल्या सिम्प्लिसियानस नावाच्या मित्राला ते खासगीत सांगतही असे. मित्र मात्र म्हणे की मंडळीत पाहिल्याशिवाय हे मान्य करणार नाही, आणि त्यावर भिंतींमुळे का कोणी ख्रिस्ती होतो, असे व्हिक्टोरिनस हसून विचारी. अखेरीस त्याने बाप्तिस्म्याचा निर्णय घेतला तेव्हा लाजेकाजेस्तव ज्यांना सवलत दिली जाई त्यांच्याप्रमाणे त्यालाही एकांतात मतांगीकार म्हणण्याची मुभा धर्मगुरूंनी देऊ केली, परंतु ती नाकारून तो सर्वांसमोर उंच जागी उभा राहिला आणि त्याने तो मोठ्याने म्हटला. आयुष्यभर ज्याने वक्तृत्व शिकवले, ज्याचे शब्द विकत घेतले जात, त्याला हे थोडे पाठ केलेले, स्वतःचे नसलेले शब्द उच्चारणे सर्वांत जड गेले, आणि त्या उच्चारानेच त्याच्या आयुष्याची दिशा लोकांदेखत पक्की झाली.

विवाहातही हेच तत्त्व आहे. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेच्या कायद्यानुसार वधूवरांनी परस्परांना उच्चारून दिलेल्या संमतीनेच विवाह घडतो, पुरोहित हा तेथे मंडळीच्या वतीने उभा असलेला साक्षी असतो. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि 1962 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत काही वाक्ये वर्णन करत नाहीत तर कृती करतात असे दाखवून दिले आणि त्यासाठी लग्नातील संमतीचे उदाहरण घेतले. तत्त्वज्ञानाला हे नव्याने सांगावे लागले. उपासनेत ते आधीपासूनच गृहीत होते.

मात्र वाणीची सर्वांत कठोर कसोटी उपासनेबाहेर, घरात आणि शेजारात लागते. नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय हा जिभेविषयीचा जणू छोटा प्रबंध आहे. घोड्याच्या तोंडातील लगाम, जहाजाचे लहानसे सुकाणू आणि रानाला पेटवणारी ठिणगी असे तीन दृष्टांत तो लागोपाठ देतो, आणि पशुपक्षी माणसाळवता आले तरी जीभ कोणालाच माणसाळवता आली नाही असे म्हणतो. या अध्यायाचा आरंभ शिक्षकांना दिलेल्या इशाऱ्याने होतो ही गोष्ट बहुधा नजरेतून सुटते. ज्यांचे शब्द अधिक लोक ऐकतात त्यांचा न्याय अधिक कडक, असे याकोब म्हणतो, आणि व्यासपीठावरून बोलणाऱ्या प्रत्येकाने हा अध्याय प्रथम स्वतःला लावून वाचला पाहिजे. त्याची खरी तक्रार पुढे आहे: ज्या तोंडाने देवाचा धन्यवाद करावयाचा त्याच तोंडाने देवाच्या प्रतिमेत घडलेल्या माणसाला शिव्याशाप द्यावयाचे, हे एकाच झऱ्यातून गोडे आणि खारे पाणी येण्यासारखे आहे. इफिसकरांस पत्रात वाईट बोलण्यासाठी 'साप्रोस' हे विशेषण आले असून ते नासक्या फळांना आणि टाकाऊ माशांना लावले जाणारे आहे. त्याच्या उलट जे बोलणे सांगितले आहे त्यासाठी घर बांधण्याच्या क्रियेवरून घेतलेला शब्द वापरला आहे.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या डोमिनिकन विद्वानाने आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या महाग्रंथात वाणीच्या अपराधांचे जे पृथक्करण केले, ते आजही वाचणाऱ्याला थांबवते. समोरासमोर केलेला अपमान, पाठीमागे केलेली बदनामी, दोन मित्रांत वितुष्ट यावे म्हणून केलेली कानफुंकणी, समोरच्याला लाजेने चूर करणारी टवाळी, आणि शाप, असे पाच प्रकार तो वेगवेगळे करतो आणि प्रत्येकात नेमके काय हिरावून घेतले जाते ते पाहतो: अपमानाने मान जातो, बदनामीने नाव जाते, टवाळीने मनाची शांती जाते. मराठीत या प्रत्येकासाठी स्वतंत्र शब्द असणे, आणि तिसऱ्यासाठी तर 'चहाडी', 'लावालावी', 'कानभरणी' असे अनेक असणे, यावरून हे निरीक्षण केवळ मठातील अभ्यासिकेपुरते नव्हते हे लक्षात येते. अक्वायनसच्या मते चहाडी ही अपमानाहून आणि बदनामीहूनही वाईट, कारण मानमरातबापेक्षा मित्र मोलाचा असतो. शिवाय घेतलेली वस्तू जशी परत करावी लागते तसे घेतलेले नावही परत करावे लागते, असा त्याचा आग्रह आहे. म्हणजे केवळ देवापाशी पापनिवेदन करून भागत नाही, तर बिघडवलेले नाव शक्य तितके सावरून द्यावे लागते. हे किती अवघड आहे याचा अनुभव नसलेला मनुष्य विरळाच असेल.

मठांनी यावर मौनाची शिस्त शोधली. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमावलीचा पहिलाच लॅटिन शब्द 'ऐक' या अर्थाचा आहे, आणि तीत रात्रीच्या प्रार्थनेनंतर बोलणे वर्ज्य केले आहे. विसाव्या शतकातील उदाहरण अधिक जवळचे वाटते. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहॉफर यांनी नाझी राजवटीला न जुमानणाऱ्या मंडळ्यांच्या तरुण पाळकांसाठी 1935 साली फिंकेनवाल्डे येथे जे विद्यालय चालवले, तेथे सहजीवनाचा एक साधा नियम होता: जो बंधू उपस्थित नाही त्याच्याविषयी कोणी बोलू नये, आणि बोलले गेलेच तर त्याला जाऊन ते सांगावे. 1937 मध्ये गेस्टापोने विद्यालय बंद केले. तेथील अनुभवावर आधारित असे त्यांचे सहजीवनावरील पुस्तक 1939 साली प्रसिद्ध झाले. स्वतःच्या मनात संशय दाटतो तेव्हा मनुष्याला दुसऱ्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडून आलेला देवाचा शब्द लागतो, कारण स्वतःच्या अंतःकरणातील ख्रिस्तापेक्षा बंधूच्या शब्दातील ख्रिस्त अधिक खात्रीचा असतो, असा त्यातील विचार आहे. धीराचा शब्द स्वतःच स्वतःला देता येत नाही, तो बाहेरून यावा लागतो, हे म्हणणे त्या काळोख्या वर्षांच्या पार्श्वभूमीवर आणखी खोल जाते.

शपथेविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. येशूने डोंगरावरील प्रवचनात शपथ मुळीच घेऊ नये, होय तर होय आणि नाही तर नाही म्हणावे, असे शिकवले. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये क्वेकर पंथीयांनी हे अक्षरशः घेऊन न्यायालयातही शपथ नाकारली आणि त्यासाठी तुरुंगवास सोसला. त्या शतकाच्या अखेरीस तेथील कायद्याने त्यांना शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञेची सवलत दिली. भारतातील 1969 च्या शपथ अधिनियमात आणि संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत 'ईश्वरसाक्ष शपथ' याच्या जोडीला 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' हा पर्याय दिसतो, त्याच्या पूर्वजांत या हट्टी माणसांची गणना करावी लागते.

वाणीच्या सामर्थ्याविषयी आज सर्वाधिक ऐकू येणारी शिकवण मात्र या परंपरेपासून वेगळी आहे. अमेरिकन उपदेशक ई. डब्ल्यू. केनियन (1867–1948) यांच्या लेखनातून आणि केनेथ हेगिन (1917–2003) यांच्या प्रचारातून वाढलेल्या 'विश्वासाचा शब्द' या चळवळीने 'सकारात्मक कबुली'चा विचार पसरवला. आरोग्य, समृद्धी आणि यश यांची विश्वासाने उच्चारून मागणी केली की ती मिळतात आणि आजाराचा किंवा अभावाचा उच्चार केला की तो पक्का होतो, असा त्याचा आशय आहे. वास्तू तथास्तु म्हणते म्हणून घरात अभद्र बोलू नये, या समजुतीत वाढलेल्या मराठी मनाला हे पटकन ओळखीचे वाटते. निराश बोलण्याने माणूस खचतो आणि आशेच्या बोलण्याने उभा राहतो, एवढे त्यातील तथ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु मार्काच्या अकराव्या अध्यायातील डोंगराला बोलून हलवण्याचे जे वचन या शिकवणीचा आधार मानले जाते, त्याच्या लगेच पुढे प्रार्थनेविषयी आणि प्रार्थनेला उभे राहताना मनात कोणाविषयी काही असेल तर क्षमा करण्याविषयी सांगितले आहे. तो भाग गाळला की देवाशी असलेल्या नात्याच्या जागी केवळ उच्चाराचे तंत्र उरते, आणि इसहाकाच्या कथेत जे टाळले गेले होते ते वाचासिद्धीचे रूप मागल्या दाराने आत येते.

याहून गंभीर परिणाम आजारी माणसावर होतो. दुखते आहे असे म्हणण्याचीही ज्याला भीती वाटू लागते, बरे न झाल्यास दोष आपल्याच शब्दांचा असे ज्याला वाटते, त्याच्यावर दुखण्याखेरीज अपराधाचाही भार पडतो. बायबलने असा भार कोणावर टाकलेला नाही. स्तोत्रसंहितेतील सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि त्यांत देवाला जाब विचारणारे, त्याने पाठ फिरवली असे तोंडावर सांगणारे शब्द आहेत. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आले ते अशाच एका स्तोत्राच्या आरंभीचे शब्द होते. ईयोबाच्या ग्रंथाचा शेवट या बाबतीत निर्णायक आहे. संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र धार्मिक आणि वरवर निर्दोष अशी भाषा बोलतात, ईयोब मात्र आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, तक्रार करतो, देवाशी वाद घालतो. आणि अखेरीस देव मित्रांवर रागावून सांगतो की ईयोब जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाही. उत्साहवर्धक बोलणे आणि खरे बोलणे यांत निवड करण्याची वेळ येते तेव्हा पवित्र शास्त्राचे माप कोणत्या बाजूला झुकते, हे यावरून कळते.

खरे बोलायचे तर ते कोणत्या भाषेत, हा प्रश्न महाराष्ट्र आणि गोवा येथील ख्रिस्ती समाजाला लवकरच भेटला. 1579 साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मुळातच श्रोत्यांनी ऐकण्यासाठी होता, आणि जुनी पुराणे सुटल्यामुळे ज्यांच्या कानांना पोकळी जाणवत होती त्या नवख्रिस्ती लोकांना त्याने आपल्याच छंदात कथा दिली. याच गोव्यात 1684 साली पोर्तुगीज प्रशासनाने लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला, ही वेदनादायक बाजूही त्याच इतिहासाची आहे. ज्या धर्माने शब्दाला एवढे स्थान दिले त्याच्याच नावाने वावरणाऱ्या सत्तेने लोकांच्या तोंडचा शब्द काढून घेऊ पाहिला.

पुढे 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी परक्या चालींच्या भाषांतरित गीतांऐवजी अभंग, पदे आणि कीर्तन यांतून मराठी मंडळीला गाण्याजोगे शब्द दिले, आणि 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात आजही त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषीने जाणूनबुजून सोपी मराठी निवडली, कारण कमी शिकलेल्या बायकांना ते ऐकून कळावे आणि स्वतः म्हणता यावे अशी तिची इच्छा होती. 1922 मध्ये रमाबाई वारल्या आणि मुक्तीच्याच छापखान्यातून ते 1924 साली बाहेर पडले. ज्या घरांत सासऱ्याशी मान वर करून बोलण्याची सोय नव्हती, नवऱ्याचे नाव घेण्याची रीत नव्हती आणि वडीलधाऱ्यांना 'तुम्ही'खेरीज दुसरे संबोधन नव्हते, त्या घरांतून आलेल्या बायका सकाळच्या प्रार्थनेला उभ्या राहून, विठोबाला हाक मारावी त्याच मोकळेपणाने, स्वर्गातील बापाला मोठ्याने 'तू' म्हणू लागल्या.